अठराचा फरक

अंजनाच्या पायाला खुरपं लागलं आणि सोळाव्या दिवशी अंजना गेली. इंजेक्शनं चन्नप्पांच्या मेडिकलातली. त्यामुळं तिचा नवरा बिभीषण अख्ख्या लिंबागणेशला सांगत सुटला, "चन्नप्पानं पाणी विकलं." दुकानात गिऱ्हाईक फिरकेना. सख्खा भाऊसुद्धा डोकेदुखीची गोळी बीडहून आणू लागला.

चन्नप्पांचा मुलगा वीरेश हैदराबादेत रेणूंची वजनं करणाऱ्या यंत्रावर शिकत होता. १९९८ साली ते यंत्र विकून लिंबागणेश दोनदा विकत घेता आलं असतं. बिभीषणनं एक न फोडलेली बाटली पुरावा म्हणून देव्हाऱ्यात ठेवली होती. ती, आणि दवाखान्यानं अंजनाच्या जखमेतून काढून वाढवलेले जंतू, वीरेश घेऊन गेला. महिन्यानं कागद घेऊन आला. पारावर गाव जमलं.

"अप्पा, शेवटची ओळ ऱ्हाऊ द्या," वीरेश म्हणाला.

"कावून? कागदावर हाय ना?" चन्नप्पांनी चष्मा लावला. "बाटलीतलं औषध अस्सल. एका कणाचं वजन तीनशे पन्नास. जंतूंसंगं दोन तास ठेवल्यावर तीनशे अडुसष्ट. वाढलेले अठरा, म्हंजे पाणी."

"कबूल केलं बे," गर्दीतला धुळाजी उठला. "मशीन कशाला खोटं बोलंल?"

त्याच्यामागं बाकीचेही उठून चालू लागले.

"थांबा की. पाणी जंतूनं घातलं. औषधाच्या कणातलं कडं फोडून तिथं पाणी बसवतो, मग औषध निकामी व्हतं." वीरेश हे पाठींना सांगत होता.

एकटा बिभीषण बसून राहिला. "जंतूला पाणी कुठनं घावलं?"

"अंगातलंच, मामा."



"पाय कापायचा म्हून डॉक्टरनं तिला कोरडं ठेवलतं. दोन घोट पाणी मागत हुती. म्या न्हाई दिलं." बिभीषण म्हणाला, "तिला न्हाई. त्याला मिळालं."

दोन घोटांत पाण्याचे अठरा वजनाचे किती कण बसतात, हे वीरेशनं मनातल्या मनात काढलं. उत्तर बरोबर आलं, याची त्याला लाज वाटली.

बिभीषणनं चन्नप्पांपुढं हात जोडले. "तुमचं औषध खरं हुतं, शेट. म्या उगंच बोललो." साऱ्या गावाला ऐकू जाईल अशा आवाजात बोलला. पार तोवर रिकामा झाला होता.

चन्नप्पांनी कागद पुन्हा उघडला, समोर पाहिलं आणि वीरेशला विचारलं, "परत वाचू का?"