चकचकीत पट्टी

गुंडा मेजर वडूजकडचे. फौजेतून निवृत्त होऊन सांगलीला आमच्या पाइपच्या कारखान्यात तपासणीला आले, ते शिस्तीचा बाडबिस्तरा घेऊनच. माणसाला लोखंडसुद्धा इस्त्रीचं लागे.

पाइपचा जोड तपासायचा म्हणजे जोडासकट एक पट्टी कापायची आणि मशीनच्या जबड्यांत धरून तुटेपर्यंत ताणायची. पट्टी जोड सोडून तुटली, तर वेल्डिंग पक्कं. मेजर ती आधी ग्राइंडरनं घासून परेडच्या बुटासारखी चमकवायचे. बाहेरचा इन्स्पेक्टर येणार, त्याच्यापुढं गबाळी पट्टी कशी ठेवायची?

मागच्या महिन्यात पट्ट्या लागोपाठ जोडावरच तुटल्या. जोड सगळे आमच्या जुन्या वेल्डरचे, सिकंदरचे. मेजरांनी भर शेडमध्ये त्याला झापलं.

"हात थरथरतोय तुजा, सिकंदर. म्हातारा झालास गड्या. उद्यापासनं यार्डात पाइप मोज."

आम्ही दात काढले. चहा दोन्ही हातांनी धर, असंही कुणी म्हणालं. इतकी वर्षं त्याच्या हाताखाली शिकलेले आम्ही, पण जनाची नाही आणि मनाचीही नाही.

परवा नेमका ग्राइंडर जळाला. इन्स्पेक्टर समोर उभा. मेजरांनी नाइलाजानं सिकंदरनंच यार्डात जायच्या आधी जोडलेल्या पाइपची ओबडधोबड पट्टी मशीनला लावली. ती ताणली गेली आणि जोडापासून चांगली लांब तुटली. इन्स्पेक्टर खूश होऊन गेला. मेजरांनी मात्र जुन्या तुटक्या पट्ट्या काढून एकेकीची जाडी मोजली. जोडाजवळ प्रत्येक पट्टी बारीक झालेली. चकाकीच्या नादात त्यांनी जोडच घासून खाल्ला होता. तोंड लपवायला जागा मिळेना तसे ते तिथंच खाली बसले.

सकाळी त्यांनी सगळ्यांना बोलावलं आणि डोक्यावरची टोपी काढली.

"जोड पक्का हुता. म्याच घासून मारला. समद्यांम्होरं बोललो हुतो, समद्यांम्होरं माफी मागतो, सिकंदर."

आम्हाला मान वर करवेना. मेजरांनी स्वतः वेल्डिंगचा होल्डर त्याच्या हातात दिला.

सिकंदरनं मास्क ओढला. ठिणगी उडाली, अडखळली आणि रॉड पाइपला चिकटला. त्यानं तो उपटून पुन्हा टेकवला. पुन्हा चिकटला. त्यानं मास्क वर केला.

"आवं मेजर, तवा हात थरथरत न्हवता," तो हळू म्हणाला. "यार्डात रोज हात म्होरं धरून, थरथरतोय का बघत बसायचो. आता थरथरतोय."