चार बोटांचं अंतर

अकरा मिनिटं. दोन्ही चाकं, हातमोजे घालून, बेलव्ह्यूच्या आमच्या गॅरेजमध्ये. पहिल्या दिवशी मला चाळीस मिनिटं लागली होती आणि नखं काळी झाली होती, पण आठवड्याभरात मी अकरावर आले. स्नो चेन लावणं म्हणजे काही रॉकेट सोडणं नाही. बर्फात चाक घसरू नये म्हणून त्यावर साखळ्यांची जाळी पांघरायची, आतला हूक आधी अडकवायचा, मग बाहेरचा, आणि शेवटी रबराच्या कड्याने सगळं ताणून घ्यायचं. पण आमच्या ओळखीतल्या एकाही घरात हे कुणाला येत नव्हतं आणि मला येत होतं! मी सोळा वर्षांची, डिसेंबरमध्ये लायसन्स मिळालं, रोबोटिक्स टीममध्ये चाकांचं डिपार्टमेंट माझ्याकडे. त्या हिवाळ्यात मला वाटायचं, जगात जे काही आहे ते मला जमणार.

हे कौतुक आत्ताच सांगून टाकते, कारण नंतर सांगायला तोंड उरणार नाही.

आमच्याकडे चेन दर नोव्हेंबरमध्ये घरी येते आणि एप्रिलमध्ये परत जाते. खोकं उघडलेलं नसेल तर दुकान परत घेतं, म्हणून बाबा खोकं उघडू देत नाही. वर पावती चिकटपट्टीने लावलेली. एक खोकं आईच्या छोट्या गाडीचं, एक बाबाच्या व्हॅनचं. बेलव्ह्यूतले निम्मे मराठी काका हेच करतात, मार्चअखेर ग्रूपवर ‘चेन रिटर्न करायला विसरू नका’ असा मेसेज येतो. या वर्षी मी आईच्या गाडीचं खोकं फोडलं आणि प्रॅक्टिस सुरू केली.

“अगं, आता हे परत कसं जाणार?” बाबा ओरडला.

“बाबा, पॅराशूट कुणी रिटर्न करायला घेतं का?”

हे ऐकून फोनवर सत्यजितकाका एवढा हसला की त्याचा चष्माच खाली पडला.

सत्यजितकाका म्हणजे बाबाचा नागपूरचा कॉलेजमित्र. घाटापलीकडे एलेन्सबर्गला एका कॉलेजात गणित शिकवायचा, एकटा राहायचा. दर रविवारी सकाळी अकराला त्याचा व्हिडिओ कॉल, आणि पहिला प्रश्न मला. “ज्ञानदा, या आठवड्यात वर्गात हात किती वेळा वर केला?” नववीपर्यंत माझं उत्तर शून्य असायचं. प्रश्नांची उत्तरं यायची, पण हात मांडीखाली दाबून बसायचे. काका म्हणायचा, “चुकलं तर काय होते बाप्पा? मी वीस वर्षं फळ्यावर चुकून राहिलो, मेलो का?” दहावीत मी पहिल्यांदा हात वर केला, उत्तर चुकलं, आणि खरंच काही झालं नाही. त्या रविवारी काकाने स्क्रीनसमोर उभं राहून टाळ्या वाजवल्या.

फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी सकाळी काका कॉलेजच्या पार्किंगमध्येच गेला. हार्ट. अठ्ठेचाळीस वर्षांचा होता.

नागपूरला त्याची आई, प्रतिमाआजी. वय ब्याऐंशी, व्हिसा नाही, गुडघे गेलेले, दुसरं मूल नाही. दहनाची वेळ मिळाली शुक्रवारी दुपारी एकची, आणि ती चुकली तर पुढची थेट बुधवारी. आजीने बाबाला फोन केला. “विष्णू, तू जा. त्याच्या तोंडात तुळशीचं पान ठेव, पाण्याचे दोन थेंब घाल. अन् मले फोनवर त्याचं तोंड दाखव. एवढं कर बापा, मग मी जेवीन.” मंगळवारपासून तिने अन्नाला हात लावला नव्हता.

काम एवढंच होतं. एकच्या आत पोचायचं, पान ठेवायचं, फोन धरायचा.

शुक्रवारी मी शाळा बुडवली, कारण घाटात बर्फ होता आणि चेन मलाच येत होती. आईला लॅबमध्ये सुट्टी मिळाली नाही, ती तिची छोटी गाडी घेऊन गेली. जाताना तिने किचनच्या खिडकीत दिव्याखाली जगवलेल्या तुळशीची पाच पानं खुडली, ओल्या टिश्यूत गुंडाळली आणि झिपलॉकच्या पिशवीत घालून बाबाच्या खिशात ठेवली. बाबा तीन रात्री झोपला नव्हता. स्वेटर उलटा घातला होता, मी सांगितलं तर म्हणाला, “असू दे.”

“चेन घेतलीस ना?”

“घेतली!”

शेल्फवर दोन खोकी शेजारीशेजारी होती, एक सीलबंद, एक उघडं. मी उघडं उचललं. त्यावर माझा हात बसला होता, ते माझं होतं. दुसरं फोडलं तर बाबा चिडेल, असंही क्षणभर मनात आलं. चाकाचा आकार मनात आलाच नाही.

साडेनऊला स्नोक्वाल्मीच्या घाटाखाली सगळ्यांना थांबवलं. पाटीवर लिहिलं होतं, चारही चाकांना जोर असलेल्या गाड्या सोडून बाकी सगळ्यांना चेन सक्तीची. पुढे पोलीस एकेका गाडीची चाकं बघून सोडत होता. चेन लावायच्या पट्ट्यात गाड्यांची रांग, माणसं गुडघ्यांवर, कुणी फोनवर व्हिडिओ बघतंय, कुणी बायकोवर खेकसतंय. मला तर हसूच आलं.

“बाबा, तू बसून राहा. अकरा मिनिटं.”

जाळी पांघरली, आतला हूक अडकवला, पुढे आले, आणि बाहेरचा हूक कडीपर्यंत पोचेना. ओढलं, पोचेना. सगळं काढून परत पांघरलं. परत तेच. हूक आणि कडी यांच्यात चार बोटं अंतर. मी बोटं ठेवून मोजलं. मग खोक्यावरचा नंबर वाचला, मग टायरवरचा.

बाबा उतरून मागे उभा होता. त्यानेही खोकं वाचलं.

“हे आईच्या गाडीचं आहे.”

“हो.”

“दुसरं?”

“घरी.”

तो ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याने फक्त घड्याळ बघितलं. दहा वाजले होते. घरी जाऊन परत इथपर्यंत, या गर्दीत साडेअकरा-बारा. मग चेन लावायची, मग घाट, मग पुढचा रस्ता. एकच्या आत नाहीच.

तेवढ्यात एक लाल पिकअप शेजारी थांबला. आत पांढऱ्या केसांची एक बाई, बाजूला मोठं कुत्रं. काच खाली करून म्हणाली, “चेन लहान पडली ना? मी एलेन्सबर्गला चाललेय, घोड्यांसाठी गवत आणायला. मागे दोघांची जागा आहे, कुत्र्याचं वावडं नसेल तर.”

बाबाचा हात व्हॅनच्या दाराकडे गेला. पिशवी काढायला. हे मी बघितलं. त्याचा हात दारावर होता.

आणि मला आयडिया सुचली.

“बाबा, थांब! टायरमधली थोडी हवा काढू. मऊ झाला की चार बोटं सहज निघतील. फिजिक्स आहे हे!”

मी मराठीत बोलत होते, पण हाताने टायर दाबून दाखवलं तशी बाईला कळलं. ती म्हणाली, “मुली, मऊ टायरवर चेन लावून घाट चढू नये.”

“वी गॉट इट, थँक्यू सो मच!” मी माझं सगळ्यात मोठं हसू हसले.

“नक्की?” बाबाने विचारलं.

“बाबा, आय गॉट धिस.”

त्याने माझ्याकडे बघितलं, मग बाईकडे. “सत्या नेहमी म्हणायचा,” तो पुटपुटला, “पोरीला करू दे.” मग त्याने बाईला हात जोडले, चक्क हात जोडले, आणि ती गेली.

हूक बसला! व्हॉल्व्हमध्ये किल्लीचं टोक दाबलं, हवा फुसफुसत गेली, बाबाने ओढलं, मी ढकललं आणि खट्! दुसरं चाकसुद्धा. मी एवढ्या जोरात किंचाळले की शेजारच्या गाडीतल्या माणसाने टाळ्या वाजवल्या. पोलीस वाकला, साखळ्या बघितल्या, जा म्हणाला. बाबा तीन दिवसांत पहिल्यांदा हसला.

“अकरा मिनिटं?”

“तेवीस. पण हवेसकट!”

तीन मैल गेलो. आधी धपधप आवाज, मग जळक्या रबराचा वास, मग व्हॅन डावीकडे ओढायला लागली. बाबाने कशीबशी कडेला घेतली. डावा टायर रिमवरून उतरला होता आणि साखळी आत कुठेतरी दोन वेढे घालून आवळली होती. उजव्याची बाजू फाटली होती. मी बर्फात पोटावर आडवी होऊन ओढत राहिले, पण एक कडीसुद्धा हलली नाही.

गाडी ओढून नेणारा टो ट्रकवाला फोनवर म्हणाला, दोन-अडीच तास लागतील. मी रस्त्याच्या कडेला हात वर करून उभी राहिले. अर्धा तास, पाऊण तास. चढावर कोण थांबणार? थांबला तो पुन्हा निघायचा नाही, हे मला फिजिक्समुळे माहीत होतं. मोठे ट्रक अंगावर चिखल-बर्फ उडवत गेले. बाबाने आत बोलावलं तेव्हा माझी बोटं मिटत नव्हती. त्याने ती आपल्या उलट्या स्वेटरमध्ये धरली.

पावणेएकला बाबाने दहनाच्या ठिकाणच्या माणसाला फोन केला. माणूस भला होता. म्हणाला, फार तर सव्वापर्यंत थांबू, तुम्ही म्हणाल तर आईंसाठी मीच फोन धरतो. मग बाबाने नागपूरला लावला. तिथे रात्रीचे सव्वादोन. आजी ट्यूबलाइटखाली खुर्चीत ताठ बसलेली, केस विंचरलेले, डोक्यावरून पदर.

“पोचला का रे?”

“काकू, रस्ता बंद झाला.”

आमच्या काचेला घासून गाड्या वर जात होत्या. बाबाने फोन माझ्याकडे थोडा वळवला, त्या दिसू नयेत म्हणून.

“तिथला माणूस फोन धरतो म्हणतोय, काकू. दाखवेल तो.”

आजीने फोन जवळ घेतला. मग म्हणाली, “त्याले मराठी येते का?”

“नाही.”

“मग सत्याले कोण सांगंन, की आई बघून राहिली म्हणून?” तिने पदर सारखा केला. “राहू दे. होऊन जाऊ दे. बुधवारपर्यंत कशाले ठेवता पोराले थंडीत.” मग म्हणाली, “अन् ज्ञानदा पण आली का संगं? गुणाची पोर आहे.”

एक वाजला. बाबाने झिपलॉक उघडलं, एक पान बोटांत धरलं. कुठे ठेवावं ते त्याला कळेना. बराच वेळ धरून बसला, मग परत टिश्यूत गुंडाळलं. टो ट्रक दोनला आला आणि आम्हाला घराकडे घेऊन गेला, कारण त्याचं गॅरेज त्या बाजूला होतं.

बाबा मला एका शब्दाने बोलला नाही. एप्रिलमध्ये आम्ही सीलबंद खोकं परत करायला गेलो. काउंटरवरच्या बाईने विचारलं, “काही प्रॉब्लेम होता का यात?”

“नाही,” बाबा म्हणाला. “उघडलंच नाही.”

आता रविवारी अकराला आजी कॉल करते, रात्र झालेली असते तिच्याकडे. दर रविवारी मी ठरवते, आज सांगायचं. आजी, रस्ता चालू होता. एक बाई न्यायला तयार होती. मी तोंड उघडते आणि कॅमेऱ्याच्या मागून बाबा मान हलवतो. नाही. आजी म्हणते, “बर्फापुढे कोणाचं चालते बाई.”

मग विचारते, “शाळेत हात वर करते ना? सत्या सांगे मले.”

“करते, आजी.”

हात मांडीखाली असतात. तिला दिसत नाहीत.