ओलेटाचा पंखा

व्हर्नेल टॅडलॉकचा धंदाच असा, की घराचे पडदे शिवून होईपर्यंत गाव सुटायचं. कॉलेजच्या अमेरिकन, चेंडू हातात धरून पळायच्या फुटबॉलच्या टीमला डिफेन्स शिकवायचा, म्हणजे समोरच्यांना पुढे सरकू द्यायचं नाही. आणि स्वतः मात्र सव्वीस वर्षांत आठ गावं सरकायचं! टीम हरली की हेड कोचला नारळ, आणि त्याच्यामागोमाग सगळ्या मदतनीसांना. बरं, जिंकली तर? हेड कोचला मोठं कॉलेज उचलतं आणि तो सगळी वरात सोबत नेतो. काहीही झालं तरी खोकी बांधायची बायकोनेच. व्हर्नेल दर वेळी आधी हो म्हणून यायचा आणि मग घरात सांगायचा, "ओलेटा, एक आनंदाची बातमी आहे."

आठव्या गावात, पायनी क्रीकला, ओलेटाने चौकात केस कापायचं दुकान टाकलं. दोनच खुर्च्या, पण दुकान असं चाललं की विचारू नका. अख्खी टीम तिच्याकडेच डोकी भादरून घ्यायची.

"आता मी इथून हलणार नाही," तिने बजावलं. "तुला जायचं तर खुशाल जा. केस वाढले की येत जा."

व्हर्नेल हसला. पण बाई मस्करी करत नव्हती.

आणि नेमकी याच वर्षी टीमने माती खाल्ली. शेवटची मॅच टॅलो स्टेट कॉलेजशी. ती हरली तर हेड कोच बक स्टॉलकप घरी आणि व्हर्नेलही घरी. फक्त ते घर कुठल्या गावात, ते देवाला ठाऊक.

मॅच सुरू झाली आणि व्हर्नेलची दाणादाण उडाली. मैदानाच्या कडेला उभं राहून तो पोरांना खुणा करायचा. कान धरला की चढाई, म्हणजे सगळ्यांनी चेंडू फेकणाऱ्यावर तुटून पडायचं. पोट चोळलं की राखण, म्हणजे मागे थांबून जागा धरायच्या. त्याने कान धरला रे धरला की टॅलोवाले मोकळ्या जागेत चेंडू टाकून पसार! मध्यंतरापर्यंत सतरा गुण झाले त्यांचे, आपला भोपळा.

व्हर्नेलने समोर पाहिलं. पलीकडे टॅलोचा कोच गॅरिक सोवेल उभा होता, आणि तो चेंडूकडे नाही, व्हर्नेलच्या पोटाकडे बघत होता. गॅरिक व्हर्नेलचाच चेला. मागच्या गावात तीन वर्षं हाताखाली होता, रोज ओलेटाच्या हातचं जेवला होता. शत्रूकडे गेलेल्या माणसाला आपल्या खुणा ठाऊक असतात, त्या दर वर्षी बदलाव्यात, हे त्याला शिकवलं कुणी? व्हर्नेलनेच. आणि स्वतः हे महाशय अठरा वर्षं तोच कान आणि तेच पोट धरून बसले होते!

मध्यंतरात त्याने ओलेटाला थेट पोरांच्या खोलीत आणलं. नव्या खुणा शिकवायला वेळ नव्हता.

"माझ्याकडे बघू नका," तो म्हणाला. "बाकामागे तिसऱ्या रांगेत ही बसते. पंखा हलला की चढाई, मांडीवर ठेवला की राखण."

"मिस ओलेटा सांगणार?" एक धिप्पाड पोरगा खिंकाळला.

"तुझी मान माझ्या वस्तऱ्याखाली असते, विसरू नकोस," ओलेटा म्हणाली.

मग सुरू झाली गंमत. व्हर्नेल समोरून कान धरी, पोट चोळी, नाक ओढी, नुसता तमाशा. पाठीमागे त्याचा दुसरा हात असे: पंजा उघडला की चढाई, मूठ मिटली की राखण. ओलेटा ते पाहून चर्चमधला पुठ्ठ्याचा पंखा चालवी. नोव्हेंबरातला गारठा, आणि ही बाई वारा घेतेय!

"वयच तसं असतं गं," शेजारीण कळवळून म्हणाली.

"हो ना, मेलं अंगातून वाफा निघतात," ओलेटा म्हणाली.

गॅरिक पोट बघत राहिला आणि फसत राहिला. टॅलो सतरावरच अडकलं आणि पायनी क्रीक चार गुणांनी पुढे गेलं. शेवटचा डाव उरला. टॅलोवाले आपल्या गोलच्या रेघेपासून पाच पावलांवर. चेंडू रेघेपलीकडे गेला तर सगळं संपलं. व्हर्नेलने विचार केला, आणि पाठीमागे मूठ मिटली. राखण.

ओलेटाने मूठ पाहिली आणि जोरजोरात पंखा हलवला.

"अगं ए!" व्हर्नेल ओरडला, पण पोरं सुटली होती. टॅलोच्या पोराने चेंडू दुसऱ्याकडे दिला, दुसरा तिसऱ्याकडे देणार, तेवढ्यात आपली सगळी धाड त्याच्यावर कोसळली. मॅच खिशात!

"मी मूठ दाखवली होती!" व्हर्नेल धापा टाकत म्हणाला.

"दिसली. पण गॅरिक घाबरला की उगाच लांबण लावतो, चेंडू या हातातून त्या हातात, तेवढ्यात गाठायचं त्याला. तीन वर्षं माझ्या टेबलावर मिठाच्या बाटल्या मांडून हेच डाव दाखवायचा. तू सोफ्यावर घोरत असायचास, ऐकायचे मी."

सोमवारी व्हर्नेल दुकानात असताना स्टॉलकप आला आणि ऐटीत खुर्चीत बसला. ओलेटाने त्याच्या केसांची डावी बाजू कापली, तेव्हा त्याने बातमी फोडली.

"व्हर्नेल, खोकी काढ! मोठ्या युनिव्हर्सिटीने बोलावलंय. त्या शेवटच्या चढाईवर खूश झालेत लेकाचे. चार वाजता टीव्हीवाले येतायत. तू येतोयस ना?"

व्हर्नेलच्या जिभेवर 'हो' आलंच होतं. सव्वीस वर्षांची सवय. ओलेटा नुसती कात्री पुसत राहिली. आणि त्याला स्वतःची अशी लाज वाटली की कान तापले.

"ती चढाई माझी नव्हती, कोच, हिची होती," तो म्हणाला. मग बायकोकडे वळला. "ओलेटा, तुला काय वाटतं? जायचं की राहायचं?"

ओलेटाचे डोळे भरून आले. आजवर हे कुणी विचारलंच नव्हतं.

"राहायचं," ती म्हणाली आणि तिने कात्री खाली ठेवली.

"अहो बाई, उजवी बाजू!" स्टॉलकपने आरशात पाहिलं. "असा जाऊ टीव्हीवर?"

"कापते की. आधी कॉलेजच्या प्रेसिडेंटना फोन लावा. म्हणावं, माझ्या जागी हेड कोच व्हर्नेल टॅडलॉक. नीट शिफारस करा, मी ऐकतेय."

स्टॉलकपने घड्याळ पाहिलं, आरसा पाहिला आणि निमूटपणे फोन लावला.