सारसाच्या घरट्याची चावी

चैतरामकाकांच्या बांधीवर ड्रोन घोंघावत होता तेव्हा प्राची गोंदियात, मंडळाच्या ऑफिसात आरामात चहा पीत बसली होती. हे आठवलं की तिच्या तळपायाची आग आजही मस्तकात जाते.

झालं असं. चोरखमारा तलावाच्या पाण्यावर पिकणाऱ्या धानाच्या बांध्यांमध्ये, म्हणजे खाचरांमध्ये, सारस घरटं करतो. माणसाएवढा उंच पक्षी, पण घरटं उघड्यावर, पाण्यात, आणि त्यात जेमतेम दोन अंडी. जिल्ह्यात जोडपी बोटावर मोजण्याएवढी उरलीत. ज्याच्या बांधीत घरटं होतं तो शेतकरी तेवढा तुकडा रोवण्यातून, म्हणजे लावणीतून, सोडून देतो आणि तोंड मिटून बसतो, कारण बोभाटा झाला की बघे येतात. चैतरामकाकाही गप्पच बसले असते. पण सारस वाचवणाऱ्या मंडळात काम करणाऱ्या प्राचीने त्यांना शब्द दिला होता.

"काका, जागा कॉम्प्युटरमध्ये कुलूपबंद राहील. चावीशिवाय कोणाले दिसणार नाही."

आणि ते कुलूप काही आपोआप बसलं नव्हतं. मंडळाचा लॅपटॉप म्हणजे कोणीतरी दान दिलेलं धूड. पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेत प्राची एन्क्रिप्शनची, म्हणजे माहिती कुलूपबंद करायची, लायब्ररी टाकायला गेली, तर पडदाभर लाल अक्षरं. इन्स्टॉल हो म्हटलं तर म्हणे आधी रस्ट नावाची दुसरी भाषा आण. रस्ट आणलं तर म्हणे बिल्ड टूल्स आण. अरे बाबा, मी कुलूप मागून राहिली की लोहाराचं अख्खं दुकान! नेटवर दहा जणांचे दहा उपाय वाचून डोकं पिकलं, मग लक्षात आलं की लॅपटॉपवरचं पायथनच जुनं, बत्तीस बिटचं. ते काढून नवं टाकल्यावर लायब्ररी निमूटपणे बसली. चावी बनवायची एक ओळ चालवली आणि पडद्यावर अक्षरांची वेडीवाकडी माळ उमटली. प्राची खुर्चीतल्या खुर्चीत नाचली होती तेव्हा.

ती माळ, म्हणजेच चावी, हरवली तर घरट्यांच्या सगळ्या नोंदी गेल्याच म्हणून समजा. म्हणून तिने एक प्रत अध्यक्षांना, भुपेंद्रभाऊंना दिली. पाकिटात घाला, कपाटात ठेवा, असं चांगलं बजावून दिली. आणि या शहाण्याने काय करावं? चावी आणि नोंदींची फाईल, दोन्ही सभासदांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकली! खाली हात जोडल्याचं चित्र.

ग्रुपमधल्या कोणीतरी आपल्या कॅमेरेवाल्या दोस्तांना पाठवली. ते आले गाड्या भरून. गमबूट घालून रोवलेल्या धानातून चालले, वरून ड्रोन सोडला. मादी उठली ती परत बसलीच नाही. अंडी कावळ्यांनी फोडली.

बातमी कळून प्राची पोहोचली तेव्हा चैतरामकाका धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, उभे होते. बांधीत नर सारस एकटाच, मान खाली घालून.

"कायले आलीस आता?" काका म्हणाले. "तू त म्हनली होतीस, कोनाले दिसनार नाही. मी माह्या पोराले नाही सांगतलो, तुले सांगतलो."

"काका, मी नाही..."

"जा बेटी. जा इथून. मले बोलाची इच्छा नाही."

ती परत फिरली. बसमध्ये रडू आलं ते तिने दातओठ खाऊन गिळलं आणि उतरली ती थेट भुपेंद्रच्या दुकानात.

"भाऊ, चावी ग्रुपवर काऊन टाकली?"

"अरे यार, टेन्शन कायले घेते?" भुपेंद्र गल्ल्यावरून उठलासुद्धा नाही. "हरवली असती त? आपण घराची चावी शेजारच्या जमुनाबाईकडं ठेवूनच गावाला जातो ना? सगळे अपनेच लोग आहेत."

"जमुनाबाई चावी गल्लीभर वाटत नाही फिरत!"

"जाऊ दे, झालं ते झालं. नवीन चावी बनव आणि मला दे. अध्यक्षाकडे चावी नाही, अच्छा लगता है क्या?"

जाऊ दे म्हणे! दोन अंडी गेली, एका म्हाताऱ्याचा भरवसा गेला, आणि याची अध्यक्षगिरी काही जाईना. असा संताप आला प्राचीला, की समोरचा पेपरवेट उचलून काउंटरच्या काचेवर हाणावा. हाणला नाही. ऑफिसात गेली आणि लॅपटॉप उघडून बसली.

त्याच लायब्ररीत चाव्यांची जोडी बनवता येते. पहिलीने फक्त कुलूप लागतं, ती गावभर दिली तरी बिघडत नाही. उघडतं ते केवळ दुसरीने. प्राचीने जोडी बनवली आणि पहिली शेतकऱ्यांच्या मोबाइलसाठी केलेल्या छोट्या अ‍ॅपमध्ये बसवली. आता शेतकऱ्याने धुऱ्यावर उभं राहून बटण दाबलं की जागा तिथल्या तिथे बंद, खुद्द तिलाही दिसणार नाही. तीच पहिली चावी तिने भुपेंद्रला दिली आणि तोंडावर सांगितलं, "भाऊ, हिने कुलूप लागते. उघडत नाही."

"हो हो, समजलं," भुपेंद्र फोनवर बोलता बोलता म्हणाला. संध्याकाळपर्यंत ती ग्रुपवर होती.

दुसरी चावी तिने पेनड्राइव्हवर घेतली, लॅपटॉपवरून पुसली आणि चैतरामकाकांच्या अंगणात जाऊन उभी राहिली. काकांनी बस म्हटलं नाही.

"काका, तुमचा भरवसा माझ्यामुळं गेला. म्हणून ही मी माझ्याकडं ठेवत नाही. तुम्ही ठेवा."

"मले कॉम्प्युटरचं काई समजत नाही."

"समजू नका. फक्त कोणाले देऊ नका. मलेसुद्धा, हंगाम संपेपर्यंत."

"अना हरपली त?"

"हरपली त यंदाची घरट्यांची मोजणी बुडंल. अंडी नाही बुडणार."

 काकांच्या करदोड्याला घराची चावी होती, तिच्या शेजारी त्यांनी पेनड्राइव्ह बांधला. चहा मात्र विचारला नाही. प्राचीला ते लागलं, पण बोलायला तोंड कुठे होतं?

पुढे एके दिवशी अ‍ॅपमध्ये नवी नोंद पडली. कुठल्या तरी बांधीत सारसाने पुन्हा घरटं केलं होतं. ग्रुपवर आनंदीआनंद. आणि दुसऱ्याच सकाळी भुपेंद्र नागपूरचे तीन पाहुणे घेऊन ऑफिसात हजर, गळ्यात हातभर लांब लेन्सचे कॅमेरे.

"लोकेशन निकालो," तो रुबाबात म्हणाला आणि स्वतःच लॅपटॉपवर बसला. चावी टाकली. लाल अक्षरं. पुन्हा टाकली. पुन्हा लाल अक्षरं. कानाच्या पाळ्याही लाल झाल्या.

"प्राची, ही चावी चालून नाही राहिली!"

"चालते ना भाऊ. कुलूप लावायला. सांगितलं होतं तुम्हाला."

"मग उघडायची कुठे आहे?"

"चैतरामकाकांच्या करदोड्याला. जा, मागून आणा."

भुपेंद्रचं तोंड पाहण्यासारखं झालं. अंडी फुटल्यापासून तो त्या गावच्या रस्त्याला फिरकला नव्हता, साधा फोनही केला नव्हता त्याने.

"तो चलो ना," एक पाहुणा उठला. "कितना दूर है?"

"वो... वो घर पे नहीं होंगे. रोवणा चल रहा है."

"थांबा, मी विचारते," प्राची म्हणाली आणि फोन लावून स्पीकर सुरू केला. "काका, भुपेंद्रभाऊंना चावी पाहिजे. पाहुणे घेऊन येतो म्हणतात. घरी आहात का?"

 पलीकडून आधी बैलांच्या गळ्यातल्या घंट्यांचे आवाज आले.

"घरीच आहो," चैतरामकाका म्हणाले. "पाठव त्याले. पाहुन्याइले नोको पाठवू. त्याले एकट्याले पाठव. मादी त्या दिवशी कशी ओरडत होती, थे सांगाचं हाये त्याले."

भुपेंद्रने लॅपटॉप मिटला. मग पाहुण्यांना म्हणाला, चला, आधी जेवून घेऊ, आणि त्यांच्याही आधी जिना उतरला.

प्राची फोन ठेवणार तेवढ्यात काकांचा आवाज आला.

"बेटी, तू येजो. चहा घेऊन जाजो."