पश्चिम वाऱ्याचा दाखला

१९८९च्या मार्च महिन्यात डोरीन कास्परने पश्चिम वारा माझ्या टेबलावर आणून ठेवला, आणि त्याच्यावरचे घोंगडे दूर होण्यापूर्वीच आत काय आहे ते मी ओळखले. गालांचा फुगवटा लोकरीतूनही लपत नव्हता. मेरिडन पॉइंटच्या पार्कात ‘फोर विंड्स’ नावाची रोलर कोस्टर होती. तिच्या स्टेशनाच्या कमानीवर चार दिशांच्या वाऱ्यांचे चार लाकडी मुखवटे होते, गाल फुगवून फुंकर घालणारे, प्रत्येक कवेत जेमतेम मावेल एवढा. हा त्यांतला पश्चिमेचा. त्याच्या डाव्या भुवईला लिंडेनच्या लाकडातली एक गाठ आली होती, आणि ती लपवण्यासाठी कोरणाऱ्याने तिथे केसांची एक बट वळवली होती.

लाकडी रोलर कोस्टर आमच्या भागात एकामागून एक जळाल्या, कुजल्या किंवा पाडल्या गेल्या. त्यांच्यावरची शोभा मात्र गोठ्यांत, खानावळींच्या भिंतींवर आणि दलालांच्या गुदामांत विखुरली. आमचे संग्राहकांचे मंडळ तिचा माग काढते. माझे काम शेवटचे असते: वस्तू कुठली आणि कोणाच्या हातची हे तपासून दाखला देणे. त्याच्यावाचून कोणतेही संग्रहालय वस्तू ठेवून घेत नाही. आणि मी दाखला सहजी देत नाही, एवढीच माझी ख्याती आहे.

“असा काय बघतोयस?” डोरीन म्हणाली. ती आमच्या मंडळाची अध्यक्ष; तोंडाने फटकळ, मनाने निर्मळ. “सेंट पीटरनं स्वर्गाचं दार उघडलं ना, तरी तू आधी विचारशील, या बिजागऱ्या कुठल्या साच्यातल्या!”

“हा कोणाकडून आला?”

“ल्यूथर पेटिंगिल. पार्कचा मालक रे. चौऱ्याऐंशीचा आहे, पण ताठा बघशील तर विशीतला. संग्रहालय त्याच्या नावाचं दालन काढतंय जूनमध्ये. मधोमध हा मुखवटा.”

“चारही मुखवटे सत्तावन्नच्या आगीत जळाले, डोरीन.”

“म्हणून तर तुझ्याकडे आणला, शहाण्या. नकली असेल तर तू सांगशीलच.”

मी तिला काही सांगितले नाही. माझे वडील इग्नाक ह्रिबार त्या पार्कात तेवीस वर्षे सुतार होते, हे मंडळात कोणालाही ठाऊक नव्हते. पार्कात त्यांना सगळे ‘इगी’ म्हणत. आडनाव उच्चारण्याचे कष्ट कोणी घेतले नाहीत. आणि आता त्याच हेळसांडीचा मला उपयोग होणार होता.

प्रत्येक एप्रिलमध्ये, पार्क उघडण्यापूर्वी, चारही मुखवट्यांना रंगाचा एक नवा हात बसे. रंग दर वर्षी वेगळा असे, म्हणजे लोकांना नवे काही पाहिल्याचे समाधान मिळे. सप्टेंबरातल्या पहिल्या सोमवारी, लेबर डेच्या सुटीला, हंगाम मिटला की मुखवटे शेडमध्ये उतरवले जात. तिथे वडील सरस तापवून सुटलेले सांधे चिकटवीत आणि रंगावर वार्निशचा एक हात देऊन त्यांना हिवाळ्यासाठी झाकून ठेवीत. एप्रिलला रंग, सप्टेंबरला वार्निश: त्यांच्या आधीच्या सुतारापासून चालत आलेला हा क्रम त्यांनी एकदाही चुकवला नव्हता.

१९ सप्टेंबर १९५७ रोजी भर दुपारी ती शेड पेटली आणि चाळीस मिनिटांत शेजारची फोर विंड्स जमीनदोस्त झाली. चौकशीत पेटिंगिलने शपथेवर सांगितले की चारही मुखवटे शेडमध्ये होते, सुतार इगी त्यांच्यावर काम करीत होता, आणि सरसाचे भांडे चुलीवर तसेच ठेवून तो जेवायला गेला. वडिलांचे म्हणणे एकाच वाक्याचे होते: यंदा मुखवटे शेडमध्ये आलेच नाहीत, मालकांनी ते मुलाम्याला पाठवल्याचे सांगितले, म्हणून मी भांडे चुलीवर चढवलेच नाही. कोणी विश्वास ठेवला नाही. तळ्याकाठची ती जमीन गावाने पार्कला एका अटीवर दिली होती: जोवर फोर विंड्स धावते आहे, तोवर तिथे दुसरे काही उभारायचे नाही. आगीनंतर दोन वर्षांत तिथे पेटिंगिलची हॉटेले उभी राहिली. त्याचा आणि आगीचा संबंध जोडणे कोणाला सुचले नाही, कारण दोषी आधीच सापडला होता.

त्यांच्यावर विश्वास न ठेवणाऱ्यांत मीही होतो, हे इथे लिहिणे भाग आहे. मी एकोणीस वर्षांचा होतो आणि तर्काचा मला माज होता. जेवणाच्या टेबलावर मी त्यांना म्हणालो, “बाबा, तेवीस वर्षांत तुम्ही एकदाही वार्निश चुकवलं नाही. मग याच वर्षी कसं चुकेल? तुम्हाला आठवत नाही, एवढंच.” ते माझ्याकडे पाहत राहिले. पुढे चौदा वर्षे ते एका दूधडेअरीत डबे धूत होते, कारण कोणत्याही पार्कने त्यांना पुन्हा दारात उभे केले नाही. त्या विषयावर ते माझ्याशी परत बोलले नाहीत. १९७१ साली ते वारले.

मुखवट्याच्या कानामागे, जिथे कोणाची नजर जात नाही, तिथून मी तांदळाच्या दाण्याएवढा रंगाचा कपचा काढला. तो राळेत बसवला, आडवा घासला आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरला. पेटिंगिल कुटुंबाने निदान एक उपकार केला होता: दलालांच्या सवयीप्रमाणे मुखवटा कॉस्टिक सोड्याच्या हौदात बुडवून, रंग उतरवून नागवा केला नव्हता. सगळे थर जागच्या जागी होते. मी खालून मोजू लागलो. रंग, वार्निश, रंग, वार्निश. फोर विंड्स उभी राहिली त्या १९२७पासून पुढे रंगाचे एकतीस हात भरले. सर्वांत वरचा कच्च्या नासपतीसारखा हिरवा. तो रंग १९५७च्या एप्रिलमध्ये वडिलांनी आमच्या तळघरात घोटला होता, आणि त्याचा वास मला अजून आठवतो. वार्निशचे हात भरले तीस.

मी दुसरा कपचा काढला, हनुवटीखालून. मग तिसरा. तीसच.

त्या वर्षी मुखवट्याला वार्निश लागले नव्हते. काम झाले नव्हते, म्हणून सरस तापला नव्हता. बत्तीस वर्षांपूर्वी एका माणसाने सांगितलेले एक वाक्य जसेच्या तसे खरे होते, आणि माझा तर्क खोटा होता.

त्या दिवशी मी खूप वेळ टेबलाशी नुसता बसून राहिलो. शोकासाठी बसलो असेन अशी कोणी समजूत करून घेऊ नये. मी विचार करीत होतो. सूक्ष्मदर्शकाने वडील निर्दोष ठरत होते. पण पेटिंगिल अजून सुटू शकत होता. ‘वार्निशच्या आधीच चोराने एक मुखवटा पळवला असेल’, एवढे म्हटले की त्याचे काम झाले असते. मला त्याच्याच तोंडचा शब्द हवा होता. आणि संग्राहकांत वीस वर्षे काढून मी एक गोष्ट शिकलो होतो: या लोकांना चोर म्हटलेले सोसते, लबाड म्हटलेले सोसते; तुमच्याकडची वस्तू नकली आहे, एवढे मात्र सोसत नाही. ते ऐकले की ते पुराव्यांची पोती उघडतात, आणि पोत्यात आणखी काय आहे ते पाहत नाहीत.

मी पेटिंगिलला पत्र लिहिले. ‘फोर विंड्सचे चारही मुखवटे नष्ट झाल्याचे सर्वमान्य आहे. प्रस्तुत वस्तू ही मागाहून घडवलेली नक्कल असावी, असे आमचे प्राथमिक मत आहे. दाखला नाकारण्यात येत आहे. हरकत असल्यास मंडळाच्या वार्षिक सभेत पुराव्यांसह मांडावी.’ खाली सही केली: ई. ह्रिबार.

डोरीनचा फोन आला. “अरे, त्यानं मला सकाळपासून तीनदा झापलंय! तुला ‘गोगलगायीचा मुनीम’ म्हणाला.”

“येणार आहे का?”

“येणार? तोफा घेऊन येणार.”

एप्रिलच्या दुसऱ्या शनिवारी, दुपारी बारा वाजता, सेंट व्हायटसच्या चर्चखालच्या सभागृहात आम्ही चाळीस-पन्नास जण जमलो. कॉफीचे मोठे भांडे उकळत होते, डोरीनने पोतित्सा, अक्रोडाचे सारण भरलेला गोड पाव, कापून ठेवली होती, आणि संग्रहालयाचे संचालक पहिल्या रांगेत टाय सावरीत बसले होते. पेटिंगिल काठी टेकत, पण पाठ सरळ ठेवून आला. बरोबर त्याची मुलगी मार्जरी होती, चाळिशीची, दमलेल्या चेहऱ्याची.

“कोण तो ह्रिबार?” त्याने दारातूनच विचारले.

“मी.”

“तू काय रे, माझ्या वाऱ्याला नकली म्हणतोस? तू चड्डीत होतास तेव्हा मी त्याच्याखालून रोज जात होतो!”

“शक्य आहे. पण तो जळाला, मिस्टर पेटिंगिल. सगळ्यांना माहीत आहे.”

“सगळ्यांना! सगळ्यांना काय कळतंय? ते चार कधी जळलेच नाहीत.”

“हे तुम्ही म्हणता.”

“मी म्हणतो म्हणजे? मी स्वतः उतरवलेत, या हातांनी!” त्याने हात पुढे केले. “लेबर डेच्या दुसऱ्या दिवशी, मंगळवारी. शिडी लावून. घोड्यांच्या घोंगड्यांत गुंडाळले आणि माझ्या तळ्यावरच्या बोटघरात नेले. कित्येक वर्षं तिथून ते हलले नाहीत. तीन पुढं मित्रांना दिले, हा ठेवला.”

“वर्ष कुठले?” मी पेन्सिल उचलली.

“सत्तावन्न! मार्जरी, दाखव ह्या मास्तराला.”

मार्जरीने पर्समधून छायाचित्र काढले. बोटघराच्या फळ्यांची भिंत, तिच्यावर ओळीने चार मुखवटे, आणि समोर दोन वेण्या घातलेली मुलगी केकवर वाकलेली.

“माझा बारावा वाढदिवस,” ती म्हणाली. “आठ सप्टेंबर. मेणबत्त्या मोजा हवं तर.”

मी मोजल्या. घाई मला कधीच नसते. “एकोणीस तारखेपर्यंत यांतला एकही मुखवटा पार्कच्या शेडमध्ये परत गेला असेल का?” मी विचारले. “गेला असेल तर हा तो नव्हे, अशी शंका राहील.”

“एक दिवससुद्धा नाही! किती वेळा सांगू, पोरा?”

“लिहून द्याल?”

“आण इकडे.”

निवेदन मी आधीच टंकून आणले होते; तारखांच्या जागा तेवढ्या मोकळ्या होत्या. त्या त्याने आपल्या हाताने भरल्या आणि खाली ठसठशीत सही केली. डोरीनने आणि संचालकांनी साक्षीदार म्हणून नावे घातली. कोणीतरी टाळी वाजवली. पेटिंगिल खुर्चीत रेलला आणि पोतित्साचा तुकडा मागू लागला.

“आपण जिंकलात,” मी म्हणालो. “वस्तू अस्सल आहे. माझ्या तपासातही तेच निघाले.” मग थरांची मोजणी मी वाचून दाखवली: रंग एकतीस, वार्निश तीस. एक हात कमी का, हेही सांगितले. आणि त्यानंतर, त्याच आवाजात, २ ऑक्टोबर १९५७ची त्याची साक्ष वाचली. ‘चारही मुखवटे आगीच्या दिवशी शेडमध्ये होते. आमचा सुतार इगी त्यांच्यावर सरसाचे काम करीत होता.’

मी कागद खाली ठेवला.

“सुतार इगी,” मी म्हणालो, “म्हणजे इग्नाक ह्रिबार. मी त्यांचा मुलगा.”

पेटिंगिलने माझ्याकडे प्रथमच नीट पाहिले. त्याच्या नजरेत भीती नव्हती, आठवण्याचा प्रयत्न होता. आणि त्याला आठवत नव्हते हेच मला अधिक लागले.

“तो विषय मेला,” तो शेवटी म्हणाला. “बत्तीस वर्षं झाली. आता कोणतंही कोर्ट मला हात लावू शकत नाही. वकिलाला विचार जा.”

“विचारले आहे. कोर्टाकडून मला काहीच नको. तुम्ही दाखला मागितला होता, तो मी देतो आहे.”

आमच्या दाखल्यात वस्तूचा पूर्ण प्रवास लिहावा लागतो, आणि संग्रहालयाला तोच मजकूर वस्तूखालच्या पाटीवर कोरावा लागतो. त्यातला शब्द गाळायचा नाही, हा मंडळाचा नियम आहे. मी मजकूर वाचला. ‘पश्चिम वारा, फोर विंड्स. अस्सल. मालक ल्यूथर पेटिंगिल यांनी ३ सप्टेंबर १९५७ रोजी स्वहस्ते उतरवून आपल्या बोटघरात नेला. १९ सप्टेंबरच्या आगीच्या वेळी शेडमध्ये नव्हता, मालकांनी मात्र तो तिथे असल्याची शपथ घेतली होती. १९३५ ते १९५७ रंगकाम: इग्नाक ह्रिबार, ज्यांच्यावर आगीचा ठपका ठेवला गेला आणि ज्यांनी खरे सांगितले होते.’

“हे माझ्या दालनात?” पेटिंगिल म्हणाला.

“मधोमध.”

मार्जरी बापाकडे पाहत होती. तिच्या हातातले छायाचित्र वाकले होते. “डॅडी,” ती एवढेच म्हणाली, “मला वाटायचं तुम्ही ते माझ्या वाढदिवसासाठी आणले होते.”

पेटिंगिल उठला. काठीवर भार देऊन तो माझ्या टेबलापर्यंत आला आणि आवाज उतरवून बोलला. पण ते शेवटच्या रांगेलाही ऐकू गेले.

“नकली म्हण.”

“काय?”

“तुझ्या पत्रात होतं ना तेच लिही. मागाहून केलेली नक्कल. चूक झाली, म्हातारा विसरला म्हण. दालन नको मला, काही नको. तुझ्या एका शब्दाचा प्रश्न आहे.”

डोरीन कुजबुजली, “एमिल, चौऱ्याऐंशीचा आहे रे तो.”

“माझे वडील एकसष्टाव्या वर्षी दुधाचे डबे धूत होते,” मी म्हणालो. मग पेटिंगिलकडे वळलो. तो माझ्याकडे पाहत होता. बत्तीस वर्षांपूर्वी जेवणाच्या टेबलावर असाच एक चेहरा माझ्यासमोर होता, आणि त्याही वेळी मी माझ्या म्हणण्यावरून ढळलो नव्हतो. त्या वेळी मी चुकलो होतो.

“मिस्टर पेटिंगिल, मी खोटा दाखला देत नाही.”

मी शिक्का शाईवर दाबला आणि मग कागदावर, दोन्ही हातांनी, तो कोपऱ्यापर्यंत स्वच्छ उमटेपर्यंत.