उभ्याने पाहिलेली नाडी

दाई इनुमे मागच्या खोलीत तापाने, छातीत कफ होऊन पडली होती. तिने ज्याला दूध पाजले तो मोरोकाता आता दरबारी होता, आणि आजपासून चौथ्या दिवशी राजवाड्यात चिनी काव्याची मैफल होती. घरात मृत्यू झाला तर तीस दिवस विटाळ, म्हणजे मैफल बुडाली. मरणाऱ्या नोकरांना म्हणूनच जिवंतपणी नदीकाठी नेऊन ठेवत. प्रश्न एवढाच होता, की इनुमे मरणार होती का.

वैद्य योशिसुके आला, पण बसला नाही. तपासतानाच ती गेली, तर घरात बसलेल्याला विटाळ लागतो, अंगणात उभ्या असलेल्याला लागत नाही; आणि मैफलीचे बोलावणे त्यालाही होते. नाडी बसून, पन्नास ठोके मोजून पाहावी, असे चिनी ग्रंथ सांगतो. तिला खोलीच्या कडेला सरकवायला लावून त्याने अंगणातूनच वाकून दहा मोजले.

"तुटक आहे. ग्रंथाप्रमाणे तिसऱ्या दिवशी मरण."

"आणि तुमच्या मते?"

अशा नाडीचे नऊ रोगी त्याने पाहिले होते. पाच जगले होते.

"सरकार, माझं मत आणि चीनचा ग्रंथ, यांत आपण कुणाच्या भरवशावर राहाल?"

"अहो, विचारलं आपलं," मोरोकाता हसला.

"वाकामारो," इनुमेने त्याला बाळपणीच्या नावाने हाक मारली, "थोडी पेज दे रे. भूक लागलीय."

"ऐकलंत? भूक लागलीय म्हणे."

"मरताना लागते," योशिसुके म्हणाला. हे कोणत्याही ग्रंथात नव्हते.

तिला चटईवर घालून नदीकाठी नेले.

मैफल उत्तम झाली. योशिसुकेला मुख्य वैद्यपद जाहीर झाले. हुकूमनामा तेवढा यायचा होता. पाचव्या दिवशी तो मोरोकाताकडे मद्य घेत बसला असता द्वारपाल आला.

"सरकार, दाई आलीय, आपल्या पायांनी. कोळ्यांनी खाऊ घातलं म्हणते. घेऊ का आत?"

मोरोकाताने वैद्याकडे पाहिले. योशिसुकेने पेला खाली ठेवला.

"इनुमे तिसऱ्या दिवशी वारली. दारात जे उभं आहे ते वैद्यकाच्या कक्षेत येत नाही. मांत्रिकाला बोलवा."

"बरं झालं, तुम्ही इथेच होतात," मोरोकाता म्हणाला, आणि त्याने दार लावायला सांगितले.

मांत्रिकाची माणसे, दोरी वाजवून भूत पळवायची धनुष्ये घेऊन येईपर्यंत बाहेरून कुणीतरी वाकामारोला हाका मारत होते. आवाज खणखणीत होता. छातीत कफ उरला नव्हता, हे योशिसुकेला आत बसूनही कळत होते.