कॅसिमिर बाहेर जातो

श्रद्धेसाठी माणसांनी सर्वस्व सोडल्याचे दाखले इतिहासात पुष्कळ आहेत. त्या शनिवारी दुपारी एकला दहा कमी असताना कॅसिमिर व्होयचिकने सोडलं ते फक्त राहतं घर, आणि तेही मेव्हण्याने कोट हातात आणून दिला म्हणून.

“मफलर घे,” बेनी म्हणाला. “धक्क्यावर वारा असेल.”

“अजून दहा मिनिटं आहेत.”

“बुधवारी दहा मिनिटं आधी गेलास, आपण जिंकलो. गुरुवारी सातच मिनिटं आधी गेलास. काय झालं पुढे, सांगू?”

सांगायची गरज नव्हती. कॅसिमिरने कोटात हात घातले.

बैठकीच्या खोलीत टीव्ही तापत ठेवला होता. त्याच्या बटणाला लॉटीने, म्हणजे कॅसिमिरच्या बायकोने, जपमाळ अडकवली होती. बेनीने सप्टेंबरपासून मोजे बदलले नव्हते आणि त्याच्या खुर्चीजवळची खिडकी सर्वानुमते उघडी राहत असे. हिरव्या खुर्चीत फादर गोर्स्की डावा पाय उजव्यावर टाकून बसले होते. शकुन-अपशकुन मानणं हे पाप आहे, असं त्यांनी त्या वर्षी दोनदा प्रवचनात बजावलं होतं. बुधवारचा सामना त्यांनी डावा पाय उजव्यावर टाकून पाहिला होता.

पोर्ट कॉर्बिनच्या स्टोकर्सना, म्हणजे शहराच्या बेसबॉल संघाला, अजिंक्यपद मिळून एकेचाळीस वर्षं झाली होती. त्या वेळी कॅसिमिर सोळा वर्षांचा होता आणि गालगुंड होऊन मागच्या खोलीत पडला होता. शहरातले सगळे भोंगे एकदम वाजले, एवढंच त्याला त्या विजयाबद्दल प्रत्यक्ष माहीत होतं. त्यानंतर त्याने जो जो महत्त्वाचा सामना पाहिला, तो तो स्टोकर्स हरले. कॅसिमिर पोलाद कारखान्यात पाळ्यांवर काम करी. बेनी तिथेच कारकून होता आणि बेसबॉलवर प्रेम करणाऱ्या कुठल्याही माणसासारखा आकड्यांवर जगत होता. त्याच्या वहीप्रमाणे कॅसिमिरने मैदानात किंवा टीव्हीवर पाहिलेले मोठे सामने तेवीस, पराभव तेवीस. रेडिओवर ऐकलेले पाच, पराभव पाच. एकदा आठव्या इनिंगमध्ये तो संडासात गेला, तर तेवढ्यात स्टोकर्सनी तीन धावा काढल्या. तो बाहेर आला आणि समोरच्यांनी चार काढल्या.

तेव्हा घरात बैठक झाली. यापुढे मोठा सामना असेल तेव्हा कॅसिमिरने बाहेर जावं, कानात कापूस घालावा आणि निकाल लागेपर्यंत परत येऊ नये, असा ठराव झाला. ठराव एकमताने झाला. कॅसिमिरनेही हात वर केला होता.

याला अकरा वर्षं झाली. तो गळ घेऊन सरोवराच्या धक्क्यावर जाऊन बसे. मासा कधी लागला नाही. पण स्टोकर्स अधूनमधून जिंकू लागले. जिंकलेल्या दिवशी तो घरी येई, हात धुई आणि जेवताना लॉटीला विचारी,

“शेवटी काय झालं?”

“तो नऊ नंबरवाला धावत आला.”

“कसा? हात वर करून?”

“धावत आला म्हणजे धावत आला, कॅझ.”

“टोपी होती का डोक्यावर?”

“कोबी गार होतोय. जेव.”

एवढ्यावर त्याला भागवावं लागे. हरलेले स्टोकर्स त्याला आतून-बाहेरून पाठ होते: कोण मान खाली घालतो, कोण बॅट आपटतो, कोण उगाच बुटाची माती झाडत बसतो. जिंकलेले स्टोकर्स कसे दिसतात, हे मात्र त्याला ठाऊक नव्हतं. सत्तावन्न वर्षांच्या माणसाने बोलून दाखवावी अशी ही इच्छा नव्हती, म्हणून त्याने ती कधी बोलून दाखवली नव्हती.

त्या दिवशी दारात त्याने ती बोलून दाखवली.

“बेनी, असं करू या. आज जिंकत आलेच, तर अगदी शेवटच्या चेंडूला मला आत घ्या. मी कोपऱ्यावरच उभा राहतो. दाराच्या फटीतून बघेन. एकच चेंडू.”

अजिंक्यपदासाठी सातांपैकी चार सामने जिंकावे लागतात. स्टोकर्सनी दोन जिंकले होते, तीन हरले होते. आज हरले की सगळं संपलं.

बेनीने फादरांकडे पाहिलं. फादरांनी छताकडे पाहिलं.

“मुला,” ते म्हणाले, “त्यागात शेवटच्या चेंडूची सवलत नसते.”

लॉटीने त्याचा मफलर कोटात खोचला. “असं तोंड करू नकोस,” ती म्हणाली. “तुझ्याशिवाय आम्ही जिंकलो असतो का कधी?”

कॅसिमिरने कानात कापूस घातला आणि तो बाहेर पडला.

रस्ता रिकामा होता. धक्क्यावर त्याने नेहमीच्या जागी गळ टाकला आणि पाण्याकडे पाहत तो दोन तास बसला. तीनच्या सुमाराला बंदरावरचे दोन हमाल डबे घेऊन आले आणि त्याच्यापासून चार हातांवर बसले. त्यांतल्या एकाने खिशातून ट्रान्झिस्टर काढला. कॅसिमिरने दोरी गुंडाळली नाही, नुसती ओढली, आणि गळ काखेत मारून जवळजवळ पळत तो बाजाराच्या रस्त्याला लागला.

तिथे हॉल्व्हर्सनचं टीव्हीचं दुकान होतं. मोठ्या काचेमागे सात टीव्ही मांडलेले होते आणि सातही चालू होते. कॅसिमिरने मान खाली घातली आणि चालण्याचा वेग वाढवला. काचेसमोर आल्यावर त्याच्या लक्षात आलं की बुटाची नाडी बघायला हवी. तो एका गुडघ्यावर बसला. नाडी घट्ट बांधलेली होती. त्याने ती सोडली, परत बांधायला घेतली, आणि मान वर केली.

पडद्यावर धावफलक होता. आठवी इनिंग. स्टोकर्स तीन, समोरचे सहा.

कॅसिमिर बघत राहिला. आत्तापर्यंत त्याने पाहिलं नव्हतं. ऐकलंही नव्हतं. गळ टाकून, कापूस घालून, शहाण्यासारखा तो धक्क्यावर बसला होता. मग हे कोणी केलं?

स्टोकर्सचे दोन गडी बेसवर होते. नऊ नंबरवाला बॅट घेऊन आला. बैलासारखा माणूस, थुंकला, बॅट खांद्यावर घेतली. कॅसिमिरला वाटलं आता उठावं. बॅट फिरली. सात पडद्यांवर सात चेंडू वर गेले, आणि खालचा माणूस मागे मागे सरकत कुंपणाला टेकला. चेंडू कुंपणापलीकडे पडला, बेसवरच्या दोघांसह तिघे धावून आले. सहा-सहा.

कॅसिमिर हलला नाही. एक गुडघा फरशीवर, दोन्ही हातांत नाडीची दोन टोकं, काखेत गळ. श्वास मात्र चालू होता, कारण तो आधीपासून चालू होता.

दुकानाचं दार अर्धं उघडून हॉल्व्हर्सन बाहेर डोकावला. त्याचे ओठ हलले.

“कानात कापूस आहे!” कॅसिमिर ओरडला. “मोठ्याने बोला!”

“बरं वाटत नाही का? आत या! खुर्ची देतो!”

“नको! मला हलवू नका!”

हॉल्व्हर्सनने त्याला निरखून पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला. “अरे देवा. तुम्ही ते सेंट हेडविग चर्चजवळचे व्होयचिक ना? ज्यांना घराबाहेर काढतात?”

“बाहेर काढत नाहीत! मी जातो!”

“मग जा ना, माझ्या बापा! बघताय काय? थांबा, मी सगळे बंदच करतो.”

“सहा-सहा झालेत!”

हॉल्व्हर्सन मागे वळला होता. तो थांबला. त्याने काचेतून आत पाहिलं, मग कॅसिमिरकडे, मग स्वतःच्या हाताकडे. हात दाराच्या मुठीवर होता.

“तुम्ही बघायला लागल्यावर?”

“नाडी सोडल्यावर!”

“मी बाहेर आलो तेव्हा ही मूठ माझ्या हातात होती,” हॉल्व्हर्सन सावकाश पण मोठ्याने म्हणाला. “होती की नाही?”

“होती! सोडू नका!”

त्यानंतर अर्धा तास पोर्ट कॉर्बिनच्या भर बाजारात एक माणूस गुडघा टेकून आणि दुसरा दाराची मूठ धरून उभा, असे दोघे जण होते. एक बाई टोस्टर दुरुस्तीला घेऊन आली. तिने दोघांकडे पाहिलं, पडद्यांकडे पाहिलं आणि काही न विचारता ती कडेला उभी राहिली. नवव्या, म्हणजे शेवटच्या इनिंगमध्ये स्टोकर्सनी एक धाव काढली. मग समोरच्यांची बॅटिंग आली. एक आउट. एक माणूस बेसवर. दोन आउट; आणखी एकच हवा होता. कॅसिमिरच्या डोळ्यांत वाऱ्याने पाणी आलं, पण पुसायला हात मोकळे नव्हते. शेवटचा चेंडू उंच उडाला, बराच वेळ उडत राहिला आणि स्टोकर्सच्या माणसाच्या हातमोज्यात पडला.

मग त्याने ते पाहिलं. चेंडू टाकणारा पिचर लहान मुलासारखा उडी मारून कॅचरच्या अंगावर चढला. मागून सगळे एकमेकांवर पडले. आणि लांबून तो नऊ नंबरवाला धावत आला, एकच हात वर करून. दुसऱ्या हाताने तो नाक पुसत होता. त्याच्या डोक्यावर टोपी नव्हती. टक्कल होतं. एवढ्या वर्षांत कॅसिमिरला या टकलाबद्दल कोणी सांगितलं नव्हतं.

हॉल्व्हर्सनने मूठ सोडली आणि बोटं चोळली. कॅसिमिरला उठता येईना, तेव्हा टोस्टरवाल्या बाईने त्याला काखेत हात घालून उठवलं.

“मी कुणाला सांगणार नाही,” हॉल्व्हर्सन त्याच्या कानाशी ओरडला.

“उद्या सातवा,” कॅसिमिर म्हणाला.

“उद्या. याच जागी.”

“याच जागी.”

त्यांनी हात मिळवले.

घरी लॉटी त्याच्या गळ्यात पडली. फादरांनी त्याच्या कपाळावर क्रूस काढला. बेनीने त्याला खुर्चीत बसवून बिअर दिली आणि विचारलं, “कुठे होतास?”

“धक्क्यावर.”

“शाब्बास! उद्या पण तसंच. तोच कोट, तीच वेळ, तीच वाट. आज जे जे केलंस ते सगळं. इंचभर इकडे-तिकडे नाही.”

“सगळं?”

“सगळं. लेका, तू तिथे बसून जे करतोस ते इथे आम्हाला कुणाला जमणार नाही.”

जेवताना लॉटीने आपणहून सुरुवात केली. “आज टोपी नव्हती हं त्याच्या डोक्यावर. तू विचारशील म्हणून मी मुद्दाम बघून ठेवलं. दोन्ही हात वर करून धावत आला.”

कॅसिमिरने काटा खाली ठेवला.

“दोन्ही?”

“दोन्ही.”

“मग?”

“मग काय, पडला सगळ्यांच्या अंगावर. आणि पिचर असा चढला, असा,” तिने हाताने दाखवलं. तिला ते नीट जमलं नाही. कॅसिमिर तिच्या हाताकडे पाहत होता. तिने परत करून दाखवलं.

“टक्कल आहे त्याला,” ती म्हणाली. “तुला सांगितलं होतं का मी?”

“नाही,” कॅसिमिर म्हणाला. “सांग.”

रविवारी एकला दहा कमी असताना तो बाहेर पडला. तोच कोट, तोच मफलर, कानात नवा कापूस. धक्क्यावर दोन तास बसला. हमाल आले नाहीत, ही गोष्ट त्याला खटकली. तरी तीन वाजता त्याने दोरी न गुंडाळता ओढली आणि तो जवळजवळ पळत बाजारात आला.

दुकानाचं दार बंद होतं. काचेमागे सात काळे पडदे होते. रविवारी दुकान उघडायचं नाही, हा शहराचा कायदा कॅसिमिरच्या जन्माआधीपासूनचा होता आणि काल त्या दोघांपैकी एकालाही तो आठवला नव्हता. हॉल्व्हर्सन सरोवरापलीकडे राहत असे.

कॅसिमिरने मागे-पुढे पाहिलं. मग तो एका गुडघ्यावर बसला, नाडी सोडली, दोन टोकं दोन हातांत धरली आणि मान वर केली.

सुरुवातीला काही दिसलं नाही. मग नऊ नंबरवाला आला, थुंकला, बॅट खांद्यावर घेतली. आता ते कसं असतं हे त्याला माहीत होतं. दोन गडी बेसवर, चेंडू वर, माणूस मागे मागे. त्याने घाई केली नाही. प्रत्येक चेंडू टाकू दिला, मधल्या वेळात पिचरला हाताला माती लावू दिली. दोन चेंडू त्याने विरुद्धही जाऊ दिले, कारण सगळंच आपल्यासारखं झालं तर तो बेसबॉल नव्हे. नवव्या इनिंगपर्यंत त्याचा गुडघा बधिर झाला होता. शेवटचा चेंडू हातमोज्यात पडला, तेव्हा काळ्या काचेसमोर त्याने एक हात वर केला. मग थोडा विचार करून दुसराही केला.

तो भिंतीला धरून उठला. घराच्या कोपऱ्यावर आल्यावर त्याने आधी एका कानातला कापूस काढला. ओरडा नव्हता. मग दुसऱ्या कानातला काढला. रडारडही नव्हती. लॉटी स्वयंपाकघरात बटाटे सोलत होती.

“कोण जिंकलं?” त्याने दारातूनच विचारलं.

“कोणी नाही,” ती म्हणाली. “तिकडे सकाळपासून पाऊस आहे. खेळ सुरूच झाला नाही.”

सातवा सामना सोमवारी दुपारी एक वाजता ठेवला होता. सोमवारी कॅसिमिरला दिवसपाळी होती.